आईचा नवस आणि तुझं उत्तर

पत्र

प्रिय मावशी,

मी २७ वर्षांची, वसईची. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. चार वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा आईने वांद्र्याला मोतमाउलीच्या (माउंट मेरीच्या) डोंगरावर जाऊन नवस केला, 'पोर जगली तर देवाला देईन.' मी जगले. दहावीत असताना आईने हे मला सांगितलं आणि तेव्हापासून घरात 'आमची सिस्टर', म्हणजे होणारी नन, हीच माझी ओळख झाली. गेल्या वर्षी रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, पवित्र साक्रामेंतासमोर (ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीसमोर) खूप रडू आलं आणि वाटलं, देव बोलावतोय. घरी आल्यावर ते ओसरलं. डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं. एकदा 'सर्व सोडून माझ्यामागे ये' अशी ओळ आली, दुसऱ्यांदा नुसती वंशावळ. आमच्या एक्स-रे विभागात एक मुलगा आहे, कॅथलिकच, नगरकडचा. त्याने मला विचारलंय. घरी हे चालणार नाही. मला तो आवडतो. शिक्षणाच्या कर्जाचे दोन लाख अजून फेडायचे आहेत. मी सिस्टर झाले नाही तर देव रागावेल का? आईला काही झालं तर? माझं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कोणतं हे ओळखायचं कसं?

– दोन्हीकडे ओढ असलेली

उत्तर

बाळ,

आधी नवसाचं बोलू. तो मधून बाजूला झाल्याशिवाय तुला पुढचं काही दिसायचं नाही.

आपल्या ख्रिस्तसभेचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, १९८३ साली नव्याने लिहिला गेला. त्यातल्या ११९३ व्या कलमात एवढंच म्हटलंय की नवस ज्याने केला त्यालाच तो बांधतो. तुझी आई तुझ्या जिवासाठी कळवळली आणि तिने देवाला शब्द दिला. तो शब्द तिचा. तू कॉन्व्हेंटात जायला निघालीस तर आडवी येणार नाही, एवढंच तिच्या हातात होतं. तुझं आयुष्य तिच्या हातात नव्हतं, मग ते ती देणार कुठून? कर्जाच्या कागदावर सही तुझी आहे ना? उद्या बँकेचा माणूस शेजारणीच्या दारात जाऊन हप्ता मागेल का?

त्याच कायद्यात २१९ वं कलम आहे. आयुष्याची अवस्था निवडताना कुणावरही कसलीही जबरदस्ती होऊ नये, हा प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा हक्क आहे, असं ते सांगतं. ६४३ वं तर आणखी कडक. बळजबरीने, मोठ्या धाकाने किंवा फसवणुकीने कुणी नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या शिकाऊ काळात, दाखल झाली तर तो प्रवेशच ग्राह्य धरत नाहीत. तुझी भीती त्या कलमात बसते की नाही हे वकिली काम झालं, ते मी करत नाही. पण कायदा कुणाच्या बाजूने उभा आहे ते बघ. तो नवसाच्या बाजूने नाही, तुझ्या मोकळेपणाच्या बाजूने आहे.

आईला मात्र हे कलम वाचून दाखवू नकोस. २३ वर्षं ती हे ओझं वागवते आहे. तुला साधा ताप आला तरी तिच्या पोटात गोळा येत असणार, की देव वसुलीला आला. तिला तुमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) मोठ्या फादरांकडे घेऊन जा. योग्य कारण असेल तर खासगी नवसातून मोकळं करायचा अधिकार त्यांना आहे. त्यासाठी बिशपांच्या दारात जायला लागत नाही. किंवा नवस करणाराच तो बदलून त्याच्या तोडीचं वा त्याहून चांगलं काही करू शकतो. आईला म्हण, तुझी पोर आजारातून उठली, तर आजारी पोरांसाठी काहीतरी कर. एखाद्या गरीब मुलाच्या औषधाचं बघ, जमेल तसं. फादर तिच्या डोक्यावर हात ठेवून 'जा, तू मोकळी' म्हणतील, त्याचा तुझ्या शंभर समजावण्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. आपली माणसं कागदापेक्षा हाताला मानतात.

आई बायबलमधल्या हन्नाचं उदाहरण देईल, बघ. सगळ्याच नवसकरी आया देतात. हन्नाने मुलगा मागितला, झाल्यावर देवाला वाहिला, दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत राहिली. खरं आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. आईच्या नवसाने शमुवेल मंदिरात पोचला, तरी हाक त्याला वेगळी आली. रात्रीची, त्याच्या स्वतःच्या नावाने, आणि ती आली तेव्हा त्याला कळलीसुद्धा नाही. तीनदा उठून तो म्हाताऱ्या पुजारी एलीकडे धावला, 'तुम्ही बोलावलंत का?' नजर गेलेल्या एलीलाच शेवटी उमगलं की हा आवाज आपला नाही. म्हणजे आईने आणून सोडलेल्या पोरालाही देवाने स्वतंत्रपणे विचारलं. आणि एक गंमत सांगू? पुढे शमुवेल म्हातारा झाल्यावर त्याने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमलं, असं त्याच पुस्तकात आहे. मुलगे होते म्हणजे संसार केला होता. नवसाचा पोरगा! हे आईला हळूच सांग, चहा पिताना.

देव रागावेल का, असं विचारतेस. तू रोज वॉर्डात पाहतेस ना, शुद्धीवर आलेला पेशंट डॉक्टरांकडे कसा बघतो? त्याला वाचवणाऱ्या डॉक्टरांनी पुढे त्याच्याच दारात उभं राहून 'आता आयुष्यभर माझ्याकडे राब, नाहीतर पुन्हा आजारी पाडीन' म्हटलं तर तू त्यांना काय म्हणशील? तेच देवाबद्दल मनात धरून तू कॉन्व्हेंटात गेलीस, तर ज्याच्यापासून लपायचं त्याच्याच घरात राहायला गेल्यासारखं होईल.

आता त्या रडण्याविषयी. रिट्रीटमध्ये रडू येतंच. तीन दिवस मोबाइल नाही, नाइट ड्यूटी नाही, कुणी 'सिस्टर, सलाईन संपलं' म्हणून हाक मारत नाही, मग आत साचलेलं वर येतं. ते खोटं नसतं, पण ते पाचारणच असतं असंही नाही. यावर सगळ्यात कामाचं जे मला ठाऊक आहे ते एका मोडलेल्या पायातून आलेलं आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा, पुढे जेझुइट संघ स्थापणाऱ्या संताचा, पाय फुटला. गडी तिशीचा, दरबारी, नटवा. हाड वेडंवाकडं जुळलं, तंग बूट घालता येणार नाहीत, म्हणून त्याने वर आलेलं हाड कापून घेतलं, तेही भुलीशिवाय! अंथरुणावर पडल्यापडल्या त्याला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या. घरात निघाल्या दोनच चिजा, ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग तो दिवसाचे तास दोन स्वप्नांत घालवी. एकात कुणी थोर घराण्यातली स्त्री आणि तिच्यासाठी करायचे पराक्रम. दुसऱ्यात संतांसारखं अनवाणी चालत जाणं. दोन्ही स्वप्नं चालू असताना गोडच लागत. फरक नंतर पडे. पहिलं संपलं की तोंड कोरडं पडल्यासारखं व्हायचं, दुसरं संपल्यावरही आत समाधान टिकून राहायचं. त्याला हे लक्षात यायला बराच वेळ लागला, पण एकदा आल्यावर पुढे देवाचा आवाज पारखायची जी रीत जगभर शिकवली जाते तिचं बी तिथेच पडलं.

म्हणून रिट्रीटमध्ये काय वाटलं ते मला सांगू नकोस. सलग तिसऱ्या नाइटनंतर, मंगळवारी सकाळी विरार लोकलमध्ये दाराजवळ उभी असताना, 'मी सिस्टर झाले' असं मनात आणलं की नंतर अर्ध्या तासाने आत काय उरतं? आणि 'मी त्याच्याशी लग्न केलं' असं आणलं की काय उरतं? स्वप्न पाहताना जे वाटतं ते लिहून ठेवायची गरज नाही. विरारला उतरताना जे उरतं ते लिही. (तुला वसईला उतरायचं असतं हे ठाऊक आहे मला. झोप लागून पुढे गेलेल्या नर्सा मी कमी पाहिल्या नाहीत.)

बायबल उघडून बोट ठेवायचं मात्र आता बंद. वंशावळ आली तेव्हा तू ती नाकारलीस आणि 'सर्व सोड' आलं तेव्हा धरून ठेवलीस, म्हणजे निवडत तूच होतीस, बोट निमित्ताला होतं.

आता माझं सांगते. या सदरात मी स्वतःचं फारसं सांगत नाही, पण तुझ्या पत्राला ते लागू आहे.

१९८४ साली, डी.एड. झाल्यावर मी एका संस्थेत सिस्टर व्हायला गेले. माझ्यामागे कुणाचा नवस नव्हता. होती ती माझी हौस आणि आत्याचा आदर्श. गावाने निरोप दिला, मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली, हार घातले, पाकिटं दिली. बाबांनी नवी लोखंडी ट्रंक आणून झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव लिहून घेतलं. पेंटरने आडनाव चुकवलं, मग ते खरवडून पुन्हा लिहिलं, तर तिथला हिरवा रंगच निघाला. नॉव्हिशिएटमध्ये माझ्याबरोबर डहाणूकडची एक मुलगी होती. ती रोज रात्री घरच्या आठवणीने रडायची आणि पहाटे गाणं गुणगुणत विहिरीवर जायची. मी एकदाही रडले नाही, आणि सकाळी उठावंसं वाटायचं नाही. सगळ्यांना वाटायचं, ही मजबूत आहे, ती कच्ची.

एका पहाटे मी स्वयंपाकघरात भाताचं मोठं पातेलं घासत होते. आमच्या नॉव्हिस मिस्ट्रेस, म्हणजे आम्हा शिकाऊ मुलींना घडवणाऱ्या सिस्टर, येऊन शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'तू खूश नाहीस हे मला दिसतं. त्याचं मला काही नाही, सुरुवातीला कुणीच नसतं. मला एवढंच सांग, उद्या तुझ्या गावातल्या सगळ्यांना तू इथे आल्याचा विसर पडला, कुणीही काही विचारणार नाही, असं झालं तर राहशील का इथे?' माझ्या तोंडून 'नाही' इतक्या पटकन निघालं की माझीच मी दचकले. हातातली काथ्याची घासणी पातेल्यात पडली. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. कायद्याप्रमाणे नॉव्हिस केव्हाही मोकळेपणाने निघू शकते आणि त्यांनी ते मला अगदी साधं करून दिलं.

घरी येणं साधं नव्हतं. बाबा एसटी स्टँडवर आले होते. ट्रंक टपावरून उतरवून घेतली, खांद्यावर टाकली आणि वाटेत एकच वाक्य बोलले, 'उद्या केळी उतरवायची आहेत, लवकर ऊठ.' त्या वाक्यावर मी आजवर जगते आहे. आईने मात्र काही महिने सातची मिस्सा सोडली. ती पहाटेच्या मिस्सेला जायला लागली, कारण तिथे बायका कमी असतात. 'परत आलेली' हा शब्द मी खूप ऐकला. कॉन्व्हेंटातून परत येणं हा आपल्याकडे अपघात समजतात. खरं तर नॉव्हिशिएट असतं ते त्याच कामासाठी, पाहण्यासाठी. ती डहाणूची मुलगी, रोज रात्री रडणारी, आज चाळीस वर्षं झाली सिस्टर आहे. आदिवासी पाड्यांवर दवाखाना चालवते आणि अजूनही गुणगुणते. मी शिक्षिका झाले, उशिरा लग्न केलं, दोन मुलं.

तर 'एकदा गेले की संपलं' ही भीती मनातून काढ. आधी उमेदवारीचा काळ असतो, मग नॉव्हिशिएट किमान १२ महिने, मग पहिली व्रतं, तीही ठरावीक मुदतीची. कमीत कमी तीन वर्षं अशी गेल्यावरच कायमच्या व्रतांचं विचारतात, आणि सहसा तो काळ सहा वर्षांपर्यंत जातो. तुझ्या वयाने कायमचं 'होय' म्हणायला पस्तिशी येईल. काही संस्था वयाची अट घालतात हे खरं, म्हणून तुला त्या बाजूची ओढ असेल तर चौकशी आत्ताच कर, 'बघू पुढे' नको. लग्नाला मात्र नॉव्हिशिएट नसतं. विवाहपूर्व शिबिर, चर्चमधल्या घोषणा, आणि वेदीसमोर एका मिनिटात कायमचं 'होय'. मला विचारशील तर आपण नेमकं उलट घाबरतो.

आता तुझ्या पत्रातल्या चार शब्दांकडे येते. 'घरी हे चालणार नाही.' तेवढेच लिहून तू पुढे कर्जावर गेलीस. मी दोन दिवस त्या चार शब्दांपाशी बसले होते.

का चालणार नाही, ते तू लिहिलं नाहीस आणि मला विचारायचीही गरज नाही. मुलगा कॅथलिक आहे, नोकरी आहे, तुला आवडतो. राहिलं काय? 'नगरकडचा.' आपण एकाच वेदीवरून प्रभू स्वीकारतो. नगरकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्या वसईच्याही गाड्या जातात, तिथे नगरच्या बायकांच्या मांडीला मांडी लावून आपण जपमाळ म्हणतो. सोयरिकीचा विषय निघाला की मात्र 'त्यांचे आजोबा काय होते' हे विचारतो. बाप्तिस्म्याने जात गेली असं धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवायचं आणि लग्न ठरवताना तीच पेटीतून काढून झटकून खांद्यावर घ्यायची, हे मी माझ्या नात्यात पाहिलंय आणि त्या वेळी गप्प बसले, त्याची लाज वाटते. तेव्हा या बाबतीत मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

मला शंका येते ती अशी. घरी त्या मुलाचं नाव काढलंस तर रण माजेल. कॉन्व्हेंटात जाते म्हटलंस तर हार घालतील. दोन्हींत तो मुलगा सुटतोच, पण दुसऱ्या वाटेने तो देवाच्या नावाने सुटतो, भांडण न करता. बाळ, कॉन्व्हेंट ही घरच्या भांडणातून निसटायची मागची खिडकी नाही. तिथेही माणसंच असतात. तिथेही 'ती कुठली, ही कुठली' असतं. इथे जे तोंडातून काढायचं धाडस झालं नाही, ते तिथे आज्ञापालनाच्या व्रताखाली दडपलं जाईल आणि दहा वर्षांनी भलत्याच जागी उसळेल.

म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचार. समज, तो मुलगा शेजारच्या गावचा आहे, वाडी आहे, आडनाव तुमच्यासारखं आहे, आई खूश आहे. तर हे पत्र तू मला लिहिलं असतंस का? आणि समज, तो मुलगा उद्या बदली होऊन गेला, दुसरं स्थळही नाही, घरी कुणी काही म्हणत नाही. तर सिस्टर व्हावंसं वाटेल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर तुझी अडचण पाचारणाची नाही, घरात तोंड उघडायची आहे. दुसऱ्याचं उत्तर 'हो, तरीही' असं आलं, शांतपणे आलं, तर ते हलकं समजू नकोस. मुलाची बाजू घेऊन मी तुला तिकडे ढकलते आहे असं तुला वाटायला नको. नवसाला शह द्यायचा म्हणून केलेलं लग्नही मला तितकंच नको आहे.

लग्न म्हणजे दुसऱ्या वर्गाचा डबा, ही समजूत आपल्या वाडवडिलांची. तिला आधार नव्हताच असं मी म्हणणार नाही. अविवाहित राहण्याविषयी संत पौलाने करिंथकरांना जे लिहिलं ते आहेच. पण त्यातच तो म्हणतो की प्रत्येकाला देवाकडून आपापलं कृपादान आहे, कुणाला एक, कुणाला दुसरं. आणि १९६४ साली जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्वच्छ सांगितलं की पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांना आहे, झगेवाल्यांना आणि संसाऱ्यांना. फ्रान्सचे लुई आणि झेली मार्टिन ऐकलेस का? त्याला मठात जायचं होतं, लॅटिन येत नाही म्हणून परत पाठवलं. तिला सिस्टर व्हायचं होतं, तिलाही नकार. १८५८ मध्ये दोघांनी लग्न केलं. नऊ मुलं झाली, चार दगावली, पाच मुली वाढल्या. त्यांतली एक लिझ्यूची संत तेरेजा (मदर तेरेसा नव्हे). २०१५ मध्ये आईबापांनाही जोडीने संतपद मिळालं. त्या पाचही मुली सिस्टर झाल्या, हे तुझ्या आईला सांगायचं की नाही ते तू ठरव!

आणि आपल्याच मातीतला गोन्सालो गार्सिया. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या हाताखाली वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे धर्मशिक्षण देत राहिला. जेझुइट व्हायची फार इच्छा होती, ते झालं नाही. मग काय केलं? व्यापार. चांगला चालवला. नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, फादर नव्हे, आणि जपानी भाषा येते म्हणून दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर चढवलं, १८६२ मध्ये संत झाला. आपण त्याच्या सणाला हुतात्म्याचं गाणं गातो, पण मला त्याची मधली वर्षं जास्त भावतात. पहिलं दार उघडलं नाही, तेव्हा तो दारावर डोकं आपटत बसला नाही, दुकान मांडलं. आणि आधी जपानात रुळलेली तीच भाषा पुढे कामी आली. तुझी नर्सिंगची वर्षं कुठल्याच वाटेवर वाया जाणार नाहीत.

प्रत्यक्षात काय करायचं? एक वही कर. दोन आठवडे असं जग, जणू सिस्टर व्हायचं ठरलंच आहे. कुणाला सांगायचं नाही. त्या डोळ्यांनी पेशंट बघ, पगार बघ, मैत्रिणीचं बाळ बघ, त्या मुलाकडे बघ. पुढचे दोन आठवडे असं जग, जणू लग्नाचं ठरलंय, घरच्या भांडणासकट ठरलंय. रोज झोपण्याआधी तीन ओळी, जास्त नको. ज्या दिवशी मन पार खचलेलं असेल त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही, हा इग्नेशियसचाच नियम. अंधारात घर बदलू नये.

त्याचा आणखी एक उपाय आहे, तो तुला इतरांपेक्षा सोपा जाईल. तो म्हणतो, स्वतःला मरणाच्या खाटेवर कल्प आणि विचार, तेव्हा मला काय निवडलेलं आवडेल? बाकीच्यांना ते कल्पावं लागतं. तू तर तिथे रोज उभी असतेस. पहाटे चारला लोक काय बोलतात, कुणाचं नाव घेतात, कशाची हळहळ करतात, हे तुझ्याइतकं फादरांनाही ठाऊक नसेल.

महिन्याने वही घेऊन कुणाकडे तरी जा. वाचून घेणारा माणूस असा निवड, ज्याला तुझ्या निर्णयातून काही मिळणार नाही. ज्या संस्थेत जायचं मनात आहे तिथल्याच भरती पाहणाऱ्या सिस्टर नकोत, तुमच्या घरी जेवायला येणारे फादरही नकोत. त्या बाजूची ओढ टिकली तर सिस्टरांच्या 'ये आणि पाहा' शिबिराला जा, आणि शिबिर संपल्यावर एका साध्या बुधवारी, न कळवता, पुन्हा जा. त्या एकमेकींशी जेवणाच्या टेबलावर कशा बोलतात ते बघ. सणाच्या दिवशी सगळी घरं छान दिसतात.

कर्जाचं कळीचं आहे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीला नॉव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असं ६४४ वं कलम सांगतं. तेव्हा वाट कोणतीही असो, पुढचं वर्ष-दीड वर्ष ते दोन लाख फेडण्यात जाणारच. म्हणजे तुला वेळ आहे. कुणी घाई करत असेल तर त्याला हा हिशेब दाखव.

त्या मुलाने विचारलं, पण तू त्याला काय सांगितलंस ते लिहिलं नाहीस. बहुधा हसून विषय बदलला असशील. तसं नको. त्याला खरं सांग, नवसासकट. चार महिन्यांची मुदत माग आणि ती पाळ. तो हे कसं ऐकून घेतो यावरून तुला त्याची पुष्कळ ओळख होईल. चिडला, देवाची टिंगल केली किंवा 'पळून लग्न करू' म्हणाला तर सावध हो. गप्प बसून 'बरं, थांबतो' म्हणाला तर तेही वहीत लिही.

आईशी बोलायला नाइट ड्यूटीवरून थेट घरी जाऊन बसू नकोस. आधी झोप काढ, पोटभर जेव, तिलाही जेवू दे. पहिल्या दिवशी फक्त नवसाचं बोल, मुलाचं नाव काढू नकोस. फादरांकडून ती मोकळी होऊन आली की मग दुसरं.

तुझी मावशी